निजण्याचा गाऊन : कापड निवडण्यापासून पहिल्या धुण्यापर्यंत

शिवणयंत्रावर सरळ टीप मारता येऊ लागली की बहुतेक शिकाऊ मंडळी आधी उशीचे अभ्रे शिवतात, मग परकर शिवतात आणि तेथून थेट ब्लाउजकडे वळून हिरमुसतात. परकर आणि ब्लाउज यांच्या मधोमध एक कपडा असा आहे की ज्यात गळा, मुंढा (बाही जोडण्याची गोलाई), बाही आणि घेर हे चारही भाग येतात, पण अर्धा-एक इंच इकडचे तिकडे झाले तरी कापड वाया जात नाही. तो म्हणजे रात्री घालण्याचा गाऊन. हा लेख इंदूरमध्ये नव्याने शिवण शिकणाऱ्यांसाठी आहे. ज्यांना स्वतः शिवायचे नाही, पण शिंप्याकडे गेल्यावर नेमके काय सांगावे हे ठरवायचे आहे, त्यांनाही तो उपयोगी पडावा. मापे इंचांत दिली आहेत, कारण आपल्याकडे टेप आणि शिंपी दोघेही इंचांतच बोलतात. कापड मात्र मीटरवर मिळते.

आधी एक धोरण ठरवून घ्यावे. दुकानात टांगलेला तयार गाऊन उभ्या पुतळ्यावर चांगला दिसावा अशा बेताने शिवलेला असतो. निजण्याचा कपडा मात्र दिवसाच्या चोवीस तासांपैकी सात-आठ तास आडव्या अंगावर असतो. कूस बदलताना घेर पायांत गुंडाळला जातो का, गुडघे पोटाशी घेतल्यावर पाठीत ताण पडतो का, पालथे पडल्यावर छातीवरची चेन टोचते का, हात डोक्याखाली घेतल्यावर बाही काखेत रुतते का, हे प्रश्न पुतळ्याला पडत नाहीत. पुढे कापडापासून खिशापर्यंत जे जे सांगितले आहे, ते याच प्रश्नांच्या उत्तरादाखल आहे.

गाऊन दिवसाही अंगावर असतो, हे धरून चालावे

इंग्रजीत सतराव्या-अठराव्या शतकांत ज्याला नाइटगाऊन म्हणत, तो झोपण्याचा कपडा नव्हताच. कोट आणि केसांचा टोप उतरवून घरात वावरताना, कागदपत्रे पाहताना किंवा जवळच्या माणसांना भेटताना पुरुष जो सैल झगा अंगावर चढवीत, त्याचे ते नाव होते. झोपताना अंगात साधा लांब सदरा असे. हे झगे पुष्कळदा हिंदुस्थानातून गेलेल्या छापील सुती किंवा रेशमी कापडाचे असत. लंडनचे प्रसिद्ध रोजनिशीकार सॅम्युअल पेपिस यांनी १६६६ मध्ये स्वतःचे चित्र काढवून घेताना असाच एक हिंदुस्थानी गाऊन भाड्याने आणला होता. निव्वळ झोपेचा कपडा हा अर्थ नंतर पक्का झाला आणि त्या अर्थाने तो कपडा आपल्याकडे आला. आपल्या बायकांनी मात्र त्याला पुन्हा घरभर फिरवले, म्हणजे एका अर्थी मूळ वापरच परत आणला.

यावर वादही झाले आहेत. नवी मुंबईतील गोठिवली गावात २०१४ मध्ये दिवसा गाऊन घालून बाहेर पडणाऱ्या बाईला ५०० रुपये दंड करण्याचा ठराव झाला होता, आणि तो बायकांच्याच मंडळाने केला होता. आंध्र प्रदेशातील तोकलपल्ली गावात २०१८ मध्ये सकाळी सात ते संध्याकाळी सात या वेळेत गाऊन घालण्यावर २,००० रुपये दंड लावण्यात आला. दंड करण्याइतके यात काय आहे, हे प्रस्तुत लेखिकेला समजलेले नाही. परंतु शिवणाऱ्याने यातून घ्यायचे ते घ्यावे. इंदूरात सकाळी कचऱ्याची गाडी गाणे वाजवत गल्लीत शिरली की ओला आणि सुका असे दोन डबे घेऊन निम्मी गल्ली गाऊनवर ओढणी टाकून फाटकाशी उभी असते. तेव्हा गाऊन झोपेसाठी बेतायचा असला, तरी सकाळच्या उन्हात आरपार न दिसणारा, जिन्यात पायात न येणारा आणि किल्ली ठेवण्यापुरता खिसा असलेला असावा.

कापड कोणते घ्यावे

या कपड्याचे यश निम्म्याहून अधिक कापडावर अवलंबून असते, म्हणून येथे घाई करू नये.

माळव्याच्या रात्रींची ख्याती जुनी आहे. बनारसची सकाळ, अवधची संध्याकाळ आणि माळव्याची रात्र असे उत्तरेत म्हणतात. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंचीवर असल्यामुळे मे महिन्यात दुपारी पारा ४० अंशांच्या घरात गेला, तरी पहाटेपर्यंत तो २४-२५ अंशांपर्यंत उतरतो. जानेवारीतल्या रात्री १० अंशांच्या आसपास जातात. म्हणजे उन्हाळ्यात रात्री अकराला घाम येतो आणि पहाटे चारला पांघरूण लागते. असा दुहेरी हवामानाला पुरणारा धागा सुताचाच. प्रमाणित हवेत सूत आपल्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के ओलावा धरून ठेवते, तर पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरत नाही; त्यामुळे पॉलिएस्टरच्या गाऊनमध्ये घाम अंगावरच राहतो आणि पहाटे तोच गार लागतो. दुकानात ‘अल्पाईन’ किंवा ‘सॅटिन’ या नावाने मिळणारे चकचकीत कापड दिसायला सुरेख आणि हाताला गुळगुळीत असते, पण ते बहुधा याच जातीचे असते. शिवाय सुती चादरीवर ते घसरते आणि सकाळपर्यंत गाऊन कमरेला येतो.

रेयॉनबद्दल थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे, कारण अलीकडे ते फार खपते. रेयॉन सुतापेक्षाही जास्त ओलावा शोषते, अंगावर मऊ पडते आणि पहिल्या दिवशी सुतापेक्षा सुखाचे वाटते. त्याची खोड धुण्यात कळते. सूत ओले झाल्यावर अधिक बळकट होते, तर साधे रेयॉन ओले झाले की त्याची ताकद निम्म्यापर्यंत घटते. गाऊन हा रोज किंवा दिवसाआड धुतला जाणारा, पिळला जाणारा आणि दोरीवर ओला टांगला जाणारा कपडा आहे. म्हणून रेयॉनचा गाऊन शिवणीजवळ विरतो आणि खालून लोंबून दोन इंच लांब होतो. वर्षभर टिकवायचा असेल, तर नवशिक्याने रेयॉन टाळावे.

सुती कापडांत तीन प्रकार लक्षात ठेवले तरी काम भागते. मलमल सर्वांत हलकी, उन्हाळ्याला उत्तम, पण आरपार दिसणारी. ती घ्यायची तर गडद रंगाची किंवा दाट छपाईची घ्यावी. कॅम्ब्रिक मधल्या अंगाचे, घट्ट विणीचे आणि कापायला सोपे. दुकानदार त्याला ‘साठ-साठ’ म्हणतील, तो ताण्या-बाण्याच्या सुताचा नंबर असतो. पहिल्या गाऊनसाठी हेच घ्यावे. पॉपलिन किंचित जाड आणि टिकाऊ असते, हिवाळ्याला चालते. होजिअरीचे कापड अंगाबरोबर ताणले जाते हे खरे, पण ते साध्या यंत्रावर शिवताना टाके सुटतात, म्हणून सध्या नको.

खरेदीसाठी राजवाड्याच्या आसपासच्या गल्ल्या पुरेशा आहेत. महाराजा तुकोजीराव क्लॉथ मार्केट, ज्याला सगळे एम. टी. क्लॉथ मार्केट म्हणतात, तेथील बऱ्याच पेढ्या ठोक भावाने तागाच विकतात, तेव्हा एका गाऊनपुरते कापड मागून वेळ घालवू नये. चार-पाच जणींनी मिळून जायचे असेल तर गोष्ट वेगळी. सुट्या कापडासाठी सीतलामाता बाजाराकडे वळावे. दुकानात ‘गाऊनचे कापड’ म्हटल्यास कोणी लांब घेराच्या पार्टीवेअर गाऊनचे जॉर्जेट समोर टाकते. ‘नाइटीसाठी कॉटन’ असे म्हणावे, म्हणजे गोंधळ होत नाही. एकेकाळी मालवा मिल, राजकुमार मिल, हुकुमचंद मिल यांचे कापड याच शहरात निघे. हुकुमचंद मिल १९९१ साली बंद पडली आणि आता मिलांची नावे चौकांना आणि बसथांब्यांना उरली आहेत. आज नाइटीचे छापील सूत बहुतेक राजस्थान आणि गुजरातेतून येते.

जवळचेच काही हवे असेल तर दोन पर्याय आहेत. धार जिल्ह्यातील बाग गावची ठशांची छपाई, जिच्यात फिटकरी आणि अलिझरीनमुळे लाल रंग उठतो व गंजलेल्या लोखंडापासून काळा करतात, ती मृगनयनी या सरकारी दालनात मिळते. दुसरे उज्जैनजवळच्या भैरवगढचे मेणाचे बाटिक. दोन्ही सुंदर आहेत, पण पहिल्या प्रयत्नासाठी नकोत. हात बसल्यावर घ्यावीत.

कापड शुद्ध सुती आहे का, हे पाहण्याची घरगुती रीत अशी : कडेचे दोन-तीन धागे ओढून चिमट्यात धरावेत आणि स्टीलच्या ताटलीवर, मोकळ्या जागी काडीने पेटवावेत. सूत कागदासारखे जळते आणि बोटांनी चुरडता येईल अशी राख राहते. पॉलिएस्टरची मिसळ असेल तर टोकाला काळा कडक मणी तयार होतो.

पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, ४४ इंच असल्यास छाती ३६ आणि तयार उंची ५२ इंच अशा गाऊनला सव्वातीन मीटर कापड लागते. हा हिशेब कसा आला तेही पाहावे, म्हणजे आपल्या मापाला तो बदलता येईल. उंचीत खांद्याच्या शिवणीला अर्धा इंच आणि खालच्या दुमडीला दीड इंच धरून ५४ इंच होतात. पुढची आणि मागची बाजू मिळून १०८. दोन्ही बाह्या शेजारी-शेजारी बसवून आणखी १० इंच. असे ११८ इंच, म्हणजे बरोबर तीन मीटर. वरचा पाव मीटर आटण्यासाठी. गळ्याची पट्टी आणि खिसा बाजूच्या तुकड्यांतून निघतो.

भिजवणे टाळू नये

सुती कापड पहिल्या पाण्यात शेकडा तीन ते पाच आटते. ५२ इंचांच्या गाऊनमध्ये हे दोन-अडीच इंचांपर्यंत जाते, आणि आटल्यावर गाऊन उंचीलाच नव्हे तर मुंढ्यातही आखडतो, तो भाग मग सुधारता येत नाही. म्हणून कापड घडी सैल करून बादलीभर साध्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवावे, सकाळी न पिळता निथळू द्यावे, सावलीत वाळवावे आणि किंचित ओलसर असतानाच उभ्या धाग्याच्या दिशेने इस्त्री करावी. पाण्याला फार रंग आला तर तो पुढेही जाणार, असे समजून धुण्याची सोय वेगळी ठेवावी. मीठ घालण्याची घरोघरी पद्धत आहे. कच्चा रंग त्याने पक्का होत नाही.

मापे घेणे

चार मापे पुरतात : छातीचा सर्वांत रुंद घेर, दोन्ही खांद्यांमधले अंतर, खांद्यापासून खाली हवी तेवढी उंची आणि बाहीची लांबी. उंची घोट्यापर्यंत घेऊ नये. घोट्याच्या वर तीन-चार इंच थांबावे, म्हणजे जिना उतरताना किंवा रात्री उठताना पाय अडकत नाही. घरातील वयस्क बाईंसाठी शिवताना तर हे कटाक्षाने पाळावे.

माप घेताना एक जास्तीची गोष्ट करावी, जी शिंपी करत नाही. ज्यांच्यासाठी शिवायचे त्यांना खुर्चीवर बसवून हात पुढे करून स्वतःलाच मिठी मारल्यासारखे करायला सांगावे आणि पाठीवर एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत टेप धरावी. उभ्या मापापेक्षा हे अंतर दोन-तीन इंचांनी वाढलेले दिसेल. कुशीवर गुडघे घेऊन झोपल्यावर पाठ तेवढीच पसरते. छातीच्या घेरावर सैलपणा म्हणून आठ इंच धरण्याचे कारण हेच आहे. चार इंच सैलपणाचा गाऊन आरशात अधिक चांगला दिसतो. तेवढा सैलपणा कुर्त्याला ठीक.

बेतणे आणि कापणे

आधी बाह्यांचे १० इंच बाजूला कापून घ्यावेत. उरलेले कापड पन्ह्यात दुमडून २२ इंचांचे करावे, मग उंचीत दुमडावे. असे चार पदर होतील. उभी घडी आपल्या डाव्या हाताला आणि आडवी घडी वर, खांद्याकडे असावी. कापडावरचे मोर, पाने किंवा बुट्टे एकाच दिशेला तोंड करून असतील, तर उंचीतली घडी घालू नये, कारण मग पाठीवरचे मोर उलटे होतात. अशा वेळी ५४ इंचांचे दोन तुकडे कापून एकाच दिशेने एकावर एक ठेवावेत.

आता खडूने खुणा कराव्यात. वरच्या कडेवर घडीपासून गळ्याची रुंदी ३ इंच. त्याच कडेवर घडीपासून साडेसात इंचांवर खांदा. हे १४ इंचांच्या खांद्याचे निम्मे आणि अर्धा इंच माया, म्हणजे शिवणीत जाणारे जादा कापड. खांद्याच्या टोकाला पाऊण इंच उतार द्यावा. वरच्या कडेपासून साडेआठ इंच खाली मुंढ्याची रेघ आखावी आणि तिच्यावर घडीपासून १२ इंचांवर खूण करावी : छाती ३६ अधिक सैलपणा ८ म्हणजे ४४, त्याचा चौथा भाग ११, आणि एक इंच माया. खांद्यापासून सरळ खाली येऊन शेवटच्या तीन-चार इंचांत गोलाई घेत या खुणेला यावे, हा मुंढा. तेथून खालच्या कडेवर घडीपासून १८ इंचांच्या खुणेपर्यंत तिरकी सरळ रेघ ओढावी. अशाने पूर्ण घेर ७० इंचांच्या जवळ येतो. यापेक्षा बराच कमी ठेवल्यास झोपेत पाऊल टाकावे तसे पाय हलले की कापड अडते, आणि शंभरावर नेल्यास ते कुशीखाली गुंडाळते. बाजूची तिरकी रेघ मधल्या उभ्या घडीपेक्षा थोडी लांब भरते, म्हणून बाजूला खालच्या कडेवर एक इंच वर येऊन हलकी गोलाई द्यावी. नाहीतर शिवल्यावर दोन्ही बाजूंना कोपरे लोंबतात.

छाती मोठी असेल तर हाच हिशेब करावा. ४८ छातीला चौथा भाग १४ आणि माया १, म्हणजे १५ इंच; ४४ च्या पन्ह्यात तेही आरामात बसते.

गळा शेवटी कापावा, आणि पुढचा-मागचा वेगळा. आधी चारही पदरांवर मागच्या गळ्याची ३ इंच खोली कापावी, मग वरचे दोन पदर उचलून फक्त पुढची बाजू ६ इंचांपर्यंत खोल करावी. कात्री लावण्यापूर्वी डोक्याचा घेर टेपने मोजावा. गळ्याची पूर्ण गोलाई त्याहून इंचभर तरी जास्त भरली पाहिजे. या मापात चेन, बटणे, काजी (बटणांची घरे) यांची गरज पडत नाही, आणि झोपण्याच्या दृष्टीने तेच बरे.

बाहीसाठी दहा इंचांची पट्टी घेऊन त्यात दोन चौकोन १८ बाय १० असे कापावेत आणि प्रत्येक मधोमध दुमडून ९ इंचांचा करावा. घडीच्या वरच्या टोकापासून सुरू होऊन उघड्या बाजूला ३ इंच खाली उतरणारी गोलाई कापावी. ही गोलाई टेपने मोजली तर साडेनऊ इंचांच्या आसपास येते, आणि मुंढ्याची अर्धी गोलाईही तेवढीच भरते. दोन्हींत फरक दिसला तर बाही नव्हे, मुंढा पाव इंचाने खोल करून जुळवावा. बाहीची गोलाई मुद्दाम उथळ ठेवली आहे. ब्लाउजची बाही याहून अधिक उतरती असते. ती हात खाली सोडलेला असताना चोख बसते, पण हात डोक्यावर नेला की सगळा कपडा वर खेचते. आपण झोपतो तेव्हा हात कोठे असतात, याचा विचार करावा.

शिवणे

यंत्रात कॅम्ब्रिकसाठी १४ नंबरची सुई आणि मलमलीसाठी ११ नंबरची घालावी. टाका इंचाला दहा-बारा पडेल असा ठेवावा. एका उरलेल्या तुकड्यावर टीप मारून दोन्ही बाजूंनी दोरा सारखा ओढलेला आहे ना, हे पाहून मगच सुरुवात करावी.

पहिल्यांदा दोन्ही खांदे जोडावेत. मग गळा. बाजूच्या तुकड्यांतून सव्वा इंच रुंदीच्या उरेब पट्ट्या, म्हणजे ताण्याला आणि बाण्याला कोन करून तिरकस कापलेल्या पट्ट्या काढून त्या जोडून गळ्याच्या घेराहून दोन इंच लांब पट्टी करावी. सरळ कापलेली पट्टी गोलाईवर बसत नाही, तिला चुण्या पडतात. उरेब पट्टी ताणून वळते. पट्टी कापडाच्या सुलट बाजूवर, कडेला कड लावून, पाव इंचावर शिवावी. ही टीप मारताना पट्टी अगदी किंचित ताणावी आणि गाऊनचे कापड मुळीच ताणू नये. उलटे झाले तर गळा पुढे लोंबतो. मग शिवणीच्या मायेत दर अर्ध्या इंचावर कात्रीच्या टोकाने बारीक चिरा द्याव्यात, टिपेला मात्र धक्का लागू देऊ नये. पट्टी आत वळवून, तिची उघडी कड दुमडून, हाताने तुरपाई करावी. यंत्राची टीप चालते, पण मानेखाली ती कडक लागते.

त्यानंतर बाह्या. गाऊन अजून बाजूंनी उघडाच आहे, तो सपाट पसरावा, बाहीची मधली घडी खांद्याच्या शिवणीवर टाचणीने अडकवावी आणि मधून दोन्ही बाजूंकडे शिवत जावे. बाजू आधी शिवून गोल मुंढ्यात गोल बाही बसवण्याचा खटाटोप पहिल्या गाऊनला करू नये.

खिसा बाजू जोडण्यापूर्वीच लावावा : सहा बाय सात इंचांचा साधा तुकडा, वरची कड दोनदा दुमडलेली, पुढच्या भागावर उजवीकडे, खांद्यापासून २२ इंच खाली आणि बाजूच्या कडेपासून तीन इंच आत. खिशाच्या वरच्या दोन्ही कोपऱ्यांना तिकोनी टाका घालावा, कारण खिसा तेथूनच उसवतो.

बाजूची शिवण हा या कपड्याचा खरा कस आहे. आपण कुशीवर निजतो तेव्हा सगळा भार हिच्यावर येतो, आणि तयार गाऊनमध्ये येथेच इंटरलॉकचा जाड नायलॉनी दोरा असतो. उन्हाळ्यात कुशीवर उठणारी खाज आणि लाल रेघ कित्येकदा या दोऱ्याची असते. म्हणून ही शिवण दोनदा मारून कड आत बंद करावी. कापडाच्या उलट बाजू समोरासमोर, म्हणजे सुलट बाजू बाहेर ठेवून बाहीच्या टोकापासून काखेतून खालपर्यंत कडेपासून पाव इंचावर पहिली टीप मारावी. निघालेले धागे कातरून कड एकसारखी करावी, गाऊन उलटा करावा, शिवण बोटांनी दाबून धारेवर आणावी आणि तीन अष्टमांश इंचावर दुसरी टीप मारावी. पहिल्या टिपेची कड आता आत कोंडली गेली. एक इंच मायेतला जो थोडा भाग उरतो तो सैलपणात जातो, त्याची चिंता नको. काखेत चार मायांचा गठ्ठा होतो. तेथे यंत्राचे चाक हाताने फिरवावे, नाहीतर सुई मोडते.

शेवटी बाहीची आणि खालची कड दुमडावी. खाली आधी अर्धा इंच, मग एक इंच. झालर, लेस, पायपिंग यांचा मोह होणे स्वाभाविक आहे. गळ्याला पातळ पायपिंग चालेल, पण छातीवर नायलॉनची लेस लावल्यास ती टोचते आणि एक-दोन महिन्यांत कोणीतरी ती उसवून टाकतेच.

वेगळ्या गरजा

बाळंतिणीसाठी पुढे उघडणारा गाऊन लागतो. तयार मिळणाऱ्यांत चुण्यांखाली दोन उभ्या चेन लपवलेल्या असतात. घरी करायचे तर गळ्याच्या मध्यापासून नऊ-दहा इंचांचा छेद घेऊन त्याला पट्टी लावावी आणि चपटी, दोन छिद्रांची बटणे बसवावीत. धातूची चेन बाळाच्या गालालाही लागते. बोटांच्या सांध्यांचा त्रास असलेल्या वयस्कांना लहान काजी जमत नाहीत, त्यांना टिच बटणे किंवा वेल्क्रो सोयीचे. ज्यांना हात वर करता येत नाही त्यांचा गाऊन पूर्ण उंचीभर पुढून उघडा ठेवावा.

गॅसजवळ जाताना

हा भाग शिवणाचा नाही, पण कपडा बनवणाऱ्याने तो सांगितलाच पाहिजे. सैल सुती कापड झटकन पेट घेते आणि घेरामुळे आत हवा असल्याने ज्वाळा वर धावते. ब्रिटनमध्ये रात्रीच्या कपड्यांना आग लागून इतके अपघात होत की १९६७ मध्ये नाइटड्रेसच्या सुरक्षिततेचे नियम करावे लागले आणि १९८५ मध्ये ते व्यापक करण्यात आले. पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटते, तेव्हा ते सुरक्षित आहे असेही नाही. सकाळचा चहा बहुतेक घरांत गाऊनवरच होतो. म्हणून बाही कोपराच्या वर आणि हाताशी बेताची ठेवावी, लोंबती नसावी. ओढणी शेगडीपाशी काढून ठेवावी. आणि मागच्या बर्नरवरचे भांडे पुढच्या पेटत्या बर्नरवरून हात नेऊन उचलू नये. कपडा पेटलाच तर धावू नये, जमिनीवर लोळावे किंवा जाड सुती चादर अंगाभोवती आवळावी, मग भाजलेला भाग वीस मिनिटे नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरावा. चिकटलेले कापड ओढू नये, दवाखाना गाठावा.

घालून पाहणे आणि धुणे

आरशासमोर उभे राहण्याआधी गाऊन घालून पलंगावर आडवे व्हावे. दोन्ही कुशींवर वळावे, गुडघे पोटाशी घ्यावेत, पालथे व्हावे, हात उशीखाली घालावेत. पाठीत ताण जाणवला तर काखेखालची शिवण उसवून तेथे चार इंचांचा चौकोनी तुकडा कोनावर बसवावा; जुने शिंपी सदऱ्याला असाच तुकडा लावत. घेर पायांत गुंडाळत असेल, तर बाजूंना खालून सहा-सात इंचांच्या चिरा ठेवाव्यात. गळा खांद्यावरून घसरत असेल, तर मागच्या गळ्याच्या मध्यात दोन बारीक चुण्या घेतल्या की भागते.

पहिली दोन धुणी वेगळी आणि गार पाण्यात करावीत. वाळत घालताना गाऊन उलटा करून खालच्या कडेने टांगावा, खांद्यांनी नव्हे, म्हणजे पाण्याच्या वजनाने गळा ओढला जात नाही. पावसाळ्यात कपडे दोन-दोन दिवस दमट राहतात. त्या दिवसांत पॉपलिन बाजूला ठेवून मलमल वापरावी, ती पंख्याखालीही वाळते. भैरवगढचे बाटिक घेतले असेल, तर त्यात मेणाचा अंश उरलेला असू शकतो, तेव्हा पहिली इस्त्री खाली-वर कोरा कागद ठेवून करावी.

दोन-चार धुण्यांनंतर गाऊन पुन्हा मोजावा. उंची आणि छाती किती राहिली ते एका जाड कागदावर लिहून, त्याच कागदावर या गाऊनचा चौथा भाग मुंढ्यासकट उतरवून कापून ठेवावा. वर ज्यांच्या मापाचा आहे त्यांचे नाव, कापडाची जात आणि तारीख घालावी. पुढचा गाऊन त्याच कागदावरून, काखेत आणि उंचीत जे बदल करावे लागले ते धरून बेतावा.